‘पीपल’ला ‘एस’ का लागत नाही?

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या आमच्या पोरांना इंग्रजी व्याकरणाच्या पेपरात एक प्रश्न हमखास चकवतो. ‘पीपल’ हा शब्द एकवचनी की अनेकवचनी? त्याच्यापुढे ‘इज’ येणार की ‘आर’? शब्दाच्या शेवटी ‘एस’ दिसत नाही, म्हणून पोरगा ‘इज’ लिहून मोकळा होतो आणि गुण गमावतो. क्लासमधले सर सांगतात, ‘पीपल’ हे ‘पर्सन’चे अनेकवचन आहे, पाठ करून टाक. पोरगा पाठ करतो. पुढे एखाद्या पुस्तकात त्याला ‘पीपल्स’ असा ‘एस’ लावलेला शब्द दिसतो, दुसरीकडे ‘अ पीपल’ असा एकवचनी दिसतो, कायद्याच्या पुस्तकात ‘पर्सन्स’ दिसतो, आणि मग त्याचा पार गोंधळ उडतो.

हा गोंधळ व्याकरणाचा आहे असे वरवर वाटते. पण ज्या देशाच्या संविधानाची सुरुवातच ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ अशी होते, त्या देशात या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे हे व्याकरणाच्या मास्तरांवर सोडून चालणार नाही. शतकानुशतके ज्यांना ‘लोकां’त धरलेच नाही, त्यांनी तर हा शब्द दहादा तपासून घेतला पाहिजे.

मुळात ‘पीपल’ आणि ‘पर्सन’ यांचे रक्ताचे नाते नाही. ‘पीपल’ हा लॅटिन ‘पॉप्युलस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा अर्थ एका राज्याचे, एका समाजाचे लोक. ‘पर्सन’ आला लॅटिन ‘पर्सोना’पासून. पर्सोना म्हणजे नाटकातल्या नटाने तोंडावर चढवायचा मुखवटा. मुखवट्यावरून भूमिका, भूमिकेवरून कायद्यापुढे उभा राहणारा पक्षकार आणि त्यावरून व्यक्ती, असा त्याचा प्रवास झाला. पुढे इंग्रजांनी एकाचे दुसऱ्याशी लग्न लावून दिले आणि ‘एक पर्सन, दोन पीपल’ असे म्हणू लागले. वकील मंडळींनी मात्र हे लग्न मानले नाही. ते अजूनही ‘पर्सन्स’च लिहितात. (हिंदीत ‘पीपल’ म्हणजे पिंपळ, बोधिवृक्ष! दोन शब्दांचा भाषाशास्त्रात काडीचा संबंध नाही, पण आमच्या वाचकांना हा योगायोग आवडेल म्हणून सांगितला.)

म्हणजे एकाच शब्दाचे तीन अर्थ झाले. ‘पीपल’ म्हणजे बरीच माणसे. ‘अ पीपल’ म्हणजे एकजिनसी झालेला एक जनसमाज, ज्याला आपण राष्ट्र म्हणण्याच्या जवळ जातो. आणि ‘पीपल्स’ म्हणजे असे अनेक जनसमाज. एका ‘एस’ने आणि एका ‘अ’ने केवढा फरक पडतो हे पुढे दिसेलच.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण ‘वुई द पीपल’ हे शब्द घटनेच्या तोंडी प्रथम तिथे आले. १७८७ साली लिहिलेल्या त्या घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही सापडत नाही. लाज वाटली असावी. पण गुलाम तर लाखोंच्या संख्येने होते. मग त्यांना काय म्हणायचे? प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटताना गोऱ्या मालकांच्या राज्यांची लोकसंख्या मोजायची, त्यात स्वतंत्र माणसे पूर्ण धरायची आणि ‘इतर पर्सन्स’ तीन पंचमांश धरायचे, अशी तरतूद केली गेली. हे ‘इतर पर्सन्स’ म्हणजे काळे गुलाम. मोजायला ते ‘पर्सन’ होते, राज्य करायला ‘पीपल’ नव्हते. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश टॅनी यांनी हे उघडच सांगून टाकले. ‘पीपल’ आणि ‘नागरिक’ हे एकाच अर्थाचे शब्द आहेत आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज त्यांत येत नाहीत, असा तो निकाल. यादवी युद्धात लाखो माणसे मेली, १८६५ साली गुलामगिरी गेली, आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेले सर्व ‘पर्सन्स’ नागरिक ठरले. ज्या शब्दाने मोजणीत अपमान केला होता, त्याच शब्दाच्या आधारे काळ्या माणसाला कागदावर तरी ‘पीपल’मध्ये शिरता आले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो चळवळीचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. तेव्हा घटनेच्या पहिल्या ओळीत ‘पीपल’ लिहिले म्हणजे सगळे आत आले असे होत नाही, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे तर याहून विचित्र प्रकार होता. इंग्रजी अमदानीतल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणे ‘पर्सन’ या शब्दात कंपनीही येते, मंडळीही येते. तो कायदा आजही लागू आहे. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदूंच्या देवाची मूर्ती हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ‘पर्सन’ आहे, तिचे हितसंबंध आहेत, तिच्या वतीने कोर्टात बाजू मांडता येते. साल लक्षात ठेवा, १९२५. त्यानंतर दोनच वर्षांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून हाडामांसाच्या माणसांची डोकी फोडण्यात आली. त्यानंतर तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली, तेव्हा दरवाजे बंद करण्यात आले. आत दगडाचा ‘पर्सन’, बाहेर हजारो माणसे! या देशात व्यक्ती असण्यासाठी माणूस असणे पुरेसे नव्हते आणि आवश्यकही नव्हते.

महाडचा लढा या शब्दाच्या दृष्टीने पुन्हा वाचावा. ‘पब्लिक’ हा शब्द ‘पीपल’च्याच घरातला. जे लोकांचे ते पब्लिक. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तो मान्य केला. तळे सार्वजनिक होते याविषयी कागदोपत्री वादच नव्हता. मुसलमान, ख्रिस्ती यांनाही तेथे मज्जाव नव्हता. जनावरांनाही नव्हता. वाद होता तो इतकाच की, ‘सार्वजनिक’ म्हणताना जे ‘जन’ अभिप्रेत आहेत त्यांत महार, चांभार, मांग येतात की नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी पिऊन उत्तर दिले, की येतात.

ते उत्तर मान्य व्हायला दहा वर्षे लागली. महाडच्या स्पृश्य पुढाऱ्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, १९२७ च्या डिसेंबरात मनाई हुकूम मिळवला. अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून आहे असे त्यांचे म्हणणे. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. बाबासाहेब जिंकले. पण निकालाचा आधार बघा. अस्पृश्य हे ‘पब्लिक’ आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना वगळण्याची रूढी पुरेशी जुनी असल्याचा पुरावा नाही म्हणून! ती रूढी अनादी काळापासूनची असल्याचा पक्का पुरावा मिळाला असता तर काय झाले असते? याचे उत्तर त्या वेळच्या कायद्यात नव्हते. ते १९५० साली संविधानाच्या पंधराव्या आणि सतराव्या कलमात आले.

आता आपल्या संविधानाच्या उद्देशिकेकडे वळू. ‘आम्ही, भारताचे लोक’ हा तिचा कर्ता आहे. मधे न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे सगळे येऊन जाते, आणि शेवटी क्रियापद येते, की हे संविधान आम्हीच आम्हाला देत आहोत. देणारेही लोक, घेणारेही लोक. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा झाली तेव्हा एच. व्ही. कामत यांनी ‘देवाच्या नावाने’ हे शब्द सुरुवातीला घालण्याची दुरुस्ती मांडली. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. देवाचे नाव पडले, लोक राहिले. आज ऊठसूट संविधानाला धर्माचा टिळा लावू पाहणाऱ्यांनी हे आकडे तोंडपाठ करावेत.

मराठीत इथे एक मौज आहे, जी इंग्रजीत नाही. इंग्रजांच्या ‘वुई’मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर हे कळत नाही. मराठीला ते कळते. समोरच्याला धरून बोलायचे तर ‘आपण’, समोरच्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटले की समोरचा समजतो, आपल्याला बोलावणे नाही. (आमच्या या स्तंभातले ‘आम्ही’ मात्र संपादकी आहे, कोणाला वगळणारे नव्हे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.) मग उद्देशिकेत ‘आपण’ का नाही, ‘आम्ही’ का? हे ‘आम्ही’ कोणाला वगळते? देशातला शेवटचा माणूस ‘भारताचे लोक’ यात आला, तेव्हा आत वगळायला कोणी उरले नाही. वगळला गेला तो ब्रिटनचा राजा, त्याची पार्लमेंट, साडेपाचशेंवर संस्थानिक, आणि मतदानाने वगळला गेलेला देव. मराठीतल्या या ‘आम्ही’ला आमचे म्हणूनच शंभर गुण.

‘लोक’ हा शब्दही असाच तपासला पाहिजे. तो ‘पीपल’सारखाच आहे, एकवचन-अनेकवचनात रूप बदलत नाही. एकवचनात त्याचा अर्थ जग, जसे इहलोक, परलोक. अनेकवचनात माणसे, ‘लोक आले’. पण बोलीभाषेत या शब्दाला एक काटा आहे. आपल्या आया-आज्या म्हणतात, ‘लोकाची पोर आहे, जपून वागव’, ‘लोकाचा पैसा, हात लावू नको’, ‘लोक काय म्हणतील’. इथे ‘लोक’ म्हणजे आपण सोडून बाकीचे, परके. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी ‘आम्ही’ आणि ‘लोक’ हे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहणारे शब्द आहेत. उद्देशिकेने ते एका स्वल्पविरामाने शेजारी आणून बसवले. हे सोपे काम नव्हते.

आणि ते पूर्ण झालेले नाही, हे सर्वांत आधी बाबासाहेबांनीच सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी या शब्दाचाच विषय काढला होता. राजकारणात मुरलेल्या काही हिंदी पुढाऱ्यांना एके काळी ‘भारताचे लोक’ हा शब्दप्रयोग रुचत नसे, त्यांना ‘भारतीय राष्ट्र’ हवे असे, याची त्यांनी आठवण करून दिली. आणि विचारले, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? आपण राष्ट्र आहोत असे मानणे हा मोठा भ्रम आहे, सामाजिक आणि मानसिक अर्थाने आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर कळेल तितके बरे, असा त्यांचा आशय होता. त्या वेळी त्यांनी जेम्स ब्राइस यांच्या ग्रंथातली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या एका चर्चने प्रार्थनेत ‘हे प्रभो, आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे’ असे वाक्य घातले. दुसऱ्या दिवशी सामान्य सदस्यांनीच हरकत घेतली, की ‘राष्ट्र’ म्हटल्याने आपण फारच एकजीव असल्याचे मान्य होते. तो शब्द काढून ‘या संयुक्त संस्थानांना’ असे घालण्यात आले. अमेरिकेत जाती नव्हत्या तरी ही स्थिती, मग आपली काय, हा बाबासाहेबांचा रोख.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर, बाबासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे आपण ‘पीपल’ होतो, ‘अ पीपल’ व्हायचे होतो. तो ‘अ’ बंधुतेतून येतो, घोषणेतून नाही. आज जे उठून राष्ट्रभक्तीचे दाखले मागतात, ते या ‘अ’साठी कधी काही करताना दिसतात काय? आंतरजातीय लग्न केलेल्या पोरापोरींना जाळणारे, ठेचणारे कोण असतात? त्यांना ‘अ पीपल’ व्हायचे नाही. त्यांना फक्त राष्ट्र हा शब्द हवा आहे.

उलट बाजूही विसरता येत नाही. ‘आपण सारे एक’ हे वाक्य आमच्याविरुद्धच वापरले गेले आहे. १९३२ च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हा अस्पृश्य हे हिंदू समाजाचेच अंग आहेत, वेगळे नाहीत, असे म्हणून गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. मतदारसंघापुरते एक आणि पाणवठ्यावर वेगळे! एकवचनाचा हा वापर आम्ही ओळखून आहोत. संविधानाच्या शेहेचाळिसाव्या कलमाने यातून मार्ग काढला. ‘लोकांतील दुर्बल घटक, विशेषतः अनुसूचित जाती व जमाती’ असे ते म्हणते. लोक एकच, पण त्यांत घटक आहेत, ते दुर्बल ठेवले गेले आहेत, आणि त्यांना अन्यायापासून वाचवणे राज्याचे काम आहे. आरक्षणाने देश तुटतो असे म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

संविधानात ‘पीपल’, ‘पर्सन’ आणि ‘सिटिझन’ हे शब्द सरमिसळ वापरलेले नाहीत, हेही आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. भाषणस्वातंत्र्याचे एकोणिसावे कलम नागरिकांना आहे. पण कायद्यापुढील समतेचे चौदावे आणि जीविताचे एकविसावे कलम कोणत्याही ‘पर्सन’ला आहे. म्हणूनच १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना हुसकावले जात असताना सर्वोच्च न्यायालय त्यांच्या पाठीशी उभे राहू शकले. चकमा हे बौद्ध आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आणि तेविसाव्या कलमात, वेठबिगारीला बंदी घालताना, ‘मानवी प्राण्यांचा’ व्यापार असा सरळ शब्द आला आहे. ज्यांना विकले जाते, राबवले जाते, त्यांच्याबाबत बोलताना घटनाकारांनी ‘ह्यूमन बीइंग’ म्हटले. मराठी कायद्यात ‘पर्सन’ला ‘व्यक्ती’ म्हणतात आणि ‘व्यक्ती’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे. इंग्रजी कायद्यात ‘ही’मध्ये ‘शी’ धरावी लागते, कॅनडात तर स्त्रिया ‘पर्सन’ आहेत की नाहीत हे ठरवायला १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जावे लागले. आमच्या मराठीत निदान व्याकरणाने तरी पुरुषाला ‘ती व्यक्ती’ केले आहे.

आता त्या ‘एस’चे. १९४५ ची संयुक्त राष्ट्रांची सनद ‘वुई द पीपल्स’ अशी सुरू होते, कारण तिथे अनेक राष्ट्रांचे जनसमाज एकत्र बसले होते. पण जगातल्या आदिवासींना हा ‘एस’ द्यायला सरकारे तयार नव्हती. ‘पीपल्स’ म्हटले की स्वयंनिर्णयाचा हक्क आला, जमीन-जंगल आले. १९९३ हे आदिवासी वर्ष जाहीर झाले तेव्हा त्याच्या नावात ‘पीपल’ होते, ‘एस’ नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारात ‘पीपल्स’ लिहिले खरे, पण लगेच खाली खुलासाही जोडला, की या शब्दाने आंतरराष्ट्रीय कायद्यातले हक्क मिळतात असे समजू नये. एक अक्षर द्यायचे आणि त्याचा जीव काढून घ्यायचा! शेवटी १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात तो ‘एस’ पूर्ण मानाने आला. १४४ देश बाजूने होते, त्यांत भारतही होता. विरुद्ध चार होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. आदिवासींच्या जमिनीवर उभे राहिलेले हे चारही देश, हे काही आश्चर्य नव्हे.

जागतिक गोष्टी झाल्या. घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येणार नाही. मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे एक मथळा छापला जातो: ‘दलित व ग्रामस्थांमध्ये तणाव’. कधी ‘गावकऱ्यांचा दलितांवर बहिष्कार’. वाचणारा वाचून पुढे जातो. पण या मथळ्याचे व्याकरण काय सांगते? ‘व’ हे उभयान्वयी अव्यय दोन वेगळ्या गोष्टी जोडते. म्हणजे दलित हे ग्रामस्थ नव्हेत! त्यांचा जन्म त्या गावात झाला, रेशनकार्ड त्या गावचे, मतदारयादीत नाव त्या गावचे, पिढ्यानपिढ्या गावकीची कामे त्यांनीच केली, मेलेली ढोरे त्यांनीच ओढली, तरी बातमीत ते गावकरी नाहीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भोतमांगे त्या गावचे गावकरी नव्हते काय? त्यांना मारणाऱ्यांना ‘गावकरी’ म्हणायचे आणि मेलेल्यांना फक्त ‘दलित’, ही जी वाटणी आहे ती लेखणीने केलेली गावकुसाची भिंत आहे. गावकूस पडले, ते भाषेत उभे आहे.

आणि ‘तुम्ही लोक’! ऑफिसात, कॉलेजात, भाड्याने खोली बघताना हे दोन शब्द ऐकले नाहीत असा आमचा वाचक विरळा. ‘तुम्ही लोक फार हुशार झालात’, ‘तुमच्या लोकांना सवलती आहेत ना’. इंग्रजीतसुद्धा ‘यू पीपल’ हे काळ्या माणसाला शिवीसारखे लागते. ‘लोक’ला ‘तुम्ही’ जोडले की तो शब्द माणसाचा राहत नाही, जातीचा होतो. आडनाव विचारून झाल्यावर ‘तुम्ही लोक’ येतो, हा क्रम कधी चुकत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या वृत्तपत्रांना नावे दिली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’, पुढे ‘समता’, आणि १९३० साली ‘जनता’. मुका, बहिष्कृत, आणि मग जनता. १९५६ साली त्याच ‘जनते’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. १९४५ साली त्यांनी शिक्षणसंस्था काढली तिचे नाव ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’. या ‘पीपल्स’मधला ‘स’ हा अनेकवचनाचा नाही, तो षष्ठीचा आहे, मालकीचा आहे. लोकांची संस्था. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय याच नावाखाली उभे राहिले. अस्पृश्यांची संस्था असे नाव देता आले असते, त्यांनी दिले नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत असे ठरले. पाट्या बदलणे सोपे असते आणि ते झालेच पाहिजे. मथळे बदलायला तर शासन निर्णयही लागत नाही. यापुढे आमच्या जिल्हा वार्ताहरांनी बातमी पाठवताना ‘दलित व ग्रामस्थ’ असे लिहू नये. हल्ला करणारे सवर्ण असतील तर सवर्ण लिहावे, त्यांची जात माहीत असेल आणि गुन्ह्याशी तिचा संबंध असेल तर जात लिहावी, आणि बौद्ध, मातंग, चर्मकार वस्तीतल्या माणसाचा उल्लेख करताना आधी ‘गावातील रहिवासी’ असे लिहावे. इतर मराठी दैनिकांत असा मथळा दिसला तर वाचकांनी कात्रण कापून, तारीख घालून त्या दैनिकाच्या संपादकाला पाठवावे, आणि एक प्रत आम्हाला.